मांडीवरचा मॉनिटर

कामठ्याच्या एसटीत नीतू डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मागच्या सीटवर तिचे सासरे हुकुमचंद गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या माणसाला राहवेना.

“टीव्ही घेतला का, भाऊ?”

“टीव्ही नाही जी, कंप्युटरचा रंगीत पडदा. पहिलेचा काळा-पांढरा होता.”

“मंग जोडाले गोंदियाचा माणूस येते का?”

“तो कायले? सून हाये ना! जुना डब्बा होता, फ्लॉपीवर चाले. हार्डडिस्क तिनंच टाकली. दिवाळीत बंद पडला, त मी म्हणलो, भंगारात द्या. तिनं झाकण खोललं, रॅमची पट्टी काढली, खोडरबरनं घासली, परत बसवली. चालू!”

“मंग शाबासकी देली असंल!”

“कशी देऊ? आमच्या घरी सून सासऱ्यासंग बोलत नाही. मंग मी कसा बोलू?”

नीतूनं हसू पदरात दाबलं. तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली. तिनं गर्रकन मागं पाहिलं.

“मामाजी! काच छातीकडं धरा!”

सगळी बस तिच्याकडं वळून पाहू लागली. हुकुमचंदनं मॉनिटर फिरवला आणि शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“आता बरोबर हाये का, बेटी?”