प्रात्यक्षिक केव्हाही होईल

मी, निवृत्त भाषाशिक्षक, वय ७४ वर्षे, गल्लीत 'कवितेचे मास्तर' या नावाने परिचित, राहणार मुलाकडे, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, आज रोजी ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्या दबावाशिवाय सांगतो ते असे:

मी मुलगा, सून व नात यांच्यासह राहतो. नात गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली. शरीरातील हाडांची नावे मी तिला भुजंगप्रयाताच्या चालीवर बसवून दिली होती. परीक्षेत तिचे एकही हाड चुकले नाही. लिहून घेणारे शिपाई म्हणतात, याचा घटनेशी संबंध नाही. राहू द्या.

तेव्हापासून नात घरी आहे. जिथे जावे तिथे अनुभव मागतात. अनुभव हवा तर आधी नोकरी हवी, आणि नोकरी हवी तर आधी अनुभव. आमच्या भागात झेरॉक्सच्या दुकानांपेक्षा नर्सिंगची कॉलेजे जास्त झाली आहेत. एका ठिकाणी तिला 'शिकाऊ' म्हणून बिनपगारी ठेवले. पुढच्या वर्षीच्या मुली पास होऊन आल्यावर तिला शुभेच्छा देऊन वाटेला लावले. शुभेच्छा फुकट असतात, म्हणून त्या मात्र भरघोस दिल्या.

काल सकाळी तिच्यासोबत मी काचेच्या इमारतीतील एका खाजगी रुग्णालयात गेलो. परिचारिकांच्या चार जागा भरायच्या होत्या. पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींची रांग तळमजल्याच्या दालनातून फाटकाबाहेर गेली होती. भिंतीवर छतापर्यंत हसऱ्या परिचारिकेचे चित्र होते. ती त्या रुग्णालयातली नसावी, कारण तिची झोप झालेली दिसत होती.

भरती अधिकारी, ज्यांना मुली 'टायवाले' म्हणत होत्या, त्यांनी खुर्चीवर उभे राहून जाहीर केले, "प्रात्यक्षिक केव्हाही होईल, कुठेही होईल. सावध राहा." मागच्या भरतीत म्हणे त्यांनी एका वॉर्डबॉयला अचानक जमिनीवर लोळवून मुलींची परीक्षा घेतली होती. अशा कल्पक माणसांच्या हाती हल्ली माणसांचे प्राण असतात.

मी नातेवाइकांच्या बाकावर बसलो. माझ्या शेजारी एक शिंपी होते. त्यांची मुलगी आत मुलाखतीला गेली होती. ते म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक चार आणि शिंपी पाचशे, असला धंदा मी जन्मात बघितला नाही." मुलीचा गणवेश त्यांनीच शिवला होता. "शिवणीच्या आत माया ठेवलीय. नोकरी लागली की पोर जरा अंगानं भरेल," असे ते म्हणाले. नंतर छातीवर हात ठेवून, उकडतंय, म्हणाले. दालन थंडगार होते. मी पाणी आणायला उठलो, तेवढ्यात ते बाकावरून खाली कोसळले.

यानंतर जे घडले ते जसेच्या तसे लिहावे, ही विनंती.

रांगेतल्या मुलींनी हात वर केले. टायवाल्यांनी खूश होऊन खिशातले पेन काढले. प्रात्यक्षिकासाठी माणूस पाडण्याची ही सोय डॉक्टरांनी केली असावी, असे त्यांना वाटले. "हं. प्रथम काय कराल? तुम्ही, चष्मा."

"सर, आधी परिसर सुरक्षित आहे का बघू!"

"सर, रुग्णाला हाक मारू!"

"सर, मीपण, सर! खांद्यावर थोपटून हाक मारू!"

हाक मारू म्हणणाऱ्या सात-आठ जणी होत्या. हाक कोणीच मारली नाही. मुलींना मी दोष देत नाही. विचारल्यावरच बोलायचे, हे आम्ही शिक्षकांनीच त्यांना शिकवले. मी ओरडलो, "अहो, हा शिंपी आहे, सोंगाड्या नाही!" टायवाले म्हणाले, "नातेवाइकांनी उत्तरं सुचवू नयेत. मार्क कापले जातील."

माझी नात रांग सोडून पुढे आली. "ए बाई, तुझा नंबर आला का?" टायवाल्यांनी विचारले. तिने गुडघे टेकून शिंप्यांच्या मानेला बोटे लावली आणि म्हणाली, "आजोबा, हे खरं आहे." मग दोन्ही हातांनी छाती दाबू लागली आणि दाबता दाबता डॉक्टरांना हाका मारू लागली. टायवाल्यांनी सांगितले की तातडीचा विभाग मागच्या दाराला आहे, आधी केसपेपर काढा. मी आयुष्यभर वृत्ते शिकवली. दाबण्याची तिची लय एकदाही मोडली नाही. मोडले ते बाकीचे सगळे.

एवढ्यात मुलाखतीच्या खोलीतून शिंप्यांची मुलगी बाहेर आली. समोर गर्दी. तिला वाटले, प्रात्यक्षिक चालू झाले, आपले राहील. ती टाचा उंचावून, हात वर करून म्हणाली, "सर, मी सांगू? मी सांगू?" मग गर्दी बाजूला झाली. त्यापुढचे सांगण्याची आवश्यकता नाही, असे फौजदार साहेबांचे मत पडले. माझेही तेच मत आहे.

डॉक्टर नंतर आले. त्यांनी शिंपी मयत झाल्याचे सांगितले.

आज सकाळी टायवाले आमच्या घरी आले. बूट न काढता बसले. म्हणाले, "आजोबा, नात तुमची सोनं आहे. तिला परवापासून नोकरीवर धरतो. कायम."

मी विचारले, "परवा म्हणजे येणारा?"

"गेलेला," ते म्हणाले. "आमच्या स्टाफच्या नर्सनं तत्काळ उपचार केले, एवढाच जबाब तुम्ही द्यायचा. सगळं जुळतं."

माझा मुलगा म्हणाला, "अण्णा, घाई करू नका. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." सून चहाचा कप घेऊन दारातच थबकली होती. भाकरी नातीची होती, म्हणून मी नातीकडे पाहिले. तिने टायवाल्यांना एवढेच विचारले, "त्या मुलीचं काय झालं? घेतलं तिला?"

टायवाले म्हणाले, "तिचं प्रात्यक्षिक राहिलंय."

नात उठली. तिने सुनेच्या हातातला कप घेतला आणि आत नेऊन मोरीत ओतला.

तरी मी शुद्धीवर राहून सांगतो की, घटनेच्या वेळी माझी नात सदर रुग्णालयाची परिचारिका नव्हती. ती रांगेतली बेकार मुलगी होती. शिंप्यांवर सदर रुग्णालयाच्या कोणीही उपचार केले नाहीत. परिचारिका तेथे पाचशे होत्या, रुग्णालयाची त्यांत एकही नव्हती.

वरील मजकूर शिपायांनी माझ्यासमोर व सोबत आलेल्या नातीसमोर मोठ्याने वाचला. 'बेकार' हा शब्द खोडू का, असे त्यांनी विचारले. नात म्हणाली, राहू द्या. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.