मारुतीचं बेट की म्हशींचं?

आधी कपबशी खाली ठेवा, नाहीतर चहा सांडाल. आमच्या दामूने जळगावला सिनेमाआधीच्या रिळात समुद्राच्या लाटेवर फळी टाकून उभा राहिलेला माणूस पाहिला आणि गावात येऊन सांगून टाकलं, "तापीच्या लाटेवर मी उभा राहूनच दाखवतो."

आमच्या गावासमोर तापीत दोन बेटं, शेजारी शेजारी. पावसाळ्यात दोन्हींच्या टोकाला लाटा उठत. पण मारुतीच्या बेटासमोर बायांचा धुण्याचा घाट, आणि दुसऱ्यावर नुसत्या म्हशी. कुठलं बेट घ्यावं, यावर दामू दोन दिवस अडून राहिला. "घाटासमोर पडनू ते बठ्ठा गाव हासी, भाऊ."

मी म्हटलं, "मग म्हशींचं बेट घे. म्हशी हसत नाहीत."

म्हशींच्या शेपट्या धरून आम्ही दोघं तिथे पोचलो. दाराची फळी घेऊन गडी अकरा वेळा आपटला. गुडघा सोलला, नाकात पाणी गेलं, तरी "अजून एकदा" म्हणे. बाराव्या वेळी उभा राहिला! चांगला वीस हात लाटेवर गेला.

संध्याकाळी पारावर बसलेल्या गावातल्या म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "पाहिलं कोणी?"

दामूने माझ्याकडे बोट केलं. मी ज्याला फसवलं नाही असा माणूस गावात उरलेला नव्हता. तरी मी मारुतीची शपथ घेऊन सांगितलं, "आबा, उभा राहिला. या डोळ्यांनी पाहिलं."

आबांनी माझ्याकडे पाहत दामूच्या पाठीवर हात ठेवला. "हाऊ शपथ लेस म्हंजे तू पडनाच व्हई. जाऊ दे, लागनं ते नही ना?"