उजव्या हाताचा अडकित्ता

माझं माहेर देहूकडचं, इंद्रायणीच्या काठाला आमचं रान, आणि मी जल्मापासून डावखुरी. भाकरी डाव्या हातानं, खुरपं डाव्या हातानं. आईला घोर, सासरी काय म्हणतील. आणि सासरी इकडं चाकणला आले तर सासूबाई एवढंच म्हणल्या की देवाला फूल तेवढं उजव्या हातानं वाहा, बाकी काम झाल्याशी मतलब. लई चांगली बाई.

पुढं सासरचं रान कंपनीत गेलं आणि आमच्या मालकांनी रस्त्याला फोटोचं दुकान टाकलं. कंपनीत लागायचं म्हणजे गेटपासला फोटो, बँकेत फोटो, लायसनला फोटो, त्यामुळं दुकान चाललं. फोटो काढायचे मी, दादा मान सरळ कर, खांदा खाली घे, कॉम्प्युटरचं समदं मी शिकले, पण कापायचं काम मालकांचं. एका कागदावर फोटोंच्या रांगा येतात ना, त्या सुट्ट्या करायच्या. त्याला लोखंडी कटर हुता, लांब दांड्याचा, दांडा वर उचलायचा आणि खटकन खाली आणायचा, आमी त्याला अडकित्ता म्हणायचो. मी कधी हात घातला की फोटो तिरपा, एका बाजूला पांढरी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा कान गेलेला. मालक म्हणायचे, राहू दे तू, तुझा हातच वाकडा. समदं घर हसायचं, मी बी हसायचे, आणि काय सांगू तुमाला, मला बी तसंच वाटायचं.

मंग मालकांचा खांदा धरला. हात वर जाईना, सदऱ्याची बाही मी घालून द्यायचे. डॉक्टर म्हणले, दांडा ओढायचा बंद. मंग कापणार कोण, मीच. गिऱ्हाइकं फोटो परत आणाय लागली. लातूरकडचा एक जण म्हणला, काकू, माझा कान कुठं गेला हो, गेटवर मला आत सोडायचे न्हाईत. हसले मी, पण जिवाला लागलं. त्यात आमचा थोरला म्हणला, आई, बास आता, गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला देऊ, तुमी दोघं आराम करा. आराम काय करायचा ओ? दुकानात माणसं येतात, नवीन शर्ट घालून, केस पाण्यानं बसवून, आज कामावर लागलो म्हणून सांगतात, ते सोडून मी घरी भिंतीकडं बघत बसू? मी म्हणले, एक नवा कटर बघू, त्यानं बी न्हाई जमलं तर दे गाळा.

मंग गेलो दोघं पुण्याला. आमच्यात कढई घ्या न्हाईतर कुऱ्हाड घ्या, आधी उचलून बघायची, जड आसंल ती चांगली. मालकांनी चांगल्या हातानं एकेक उचलून बघितला आणि सगळ्यात जड दांड्याचा पसंत केला. दुकानदार बांधाय लागला. मी वाया गेलेले फोटो पिशवीत नेले हुते, म्हणले थांबा, आधी कापून बघते. कापला, तर तिरपाच. माझं तोंड उतरलं. तवा दुकानदारानं दुसरा काढला, हलका, पट्टीवर बारकं गोल पातं, ते नुसतं सरकवत न्यायचं. मालकांनी उचलला आणि हसाय लागले, म्हणले हा कसला कटर, हे तर करंज्या कापायचं कातण.

कातण म्हणल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख पडलं बगा. दिवाळीला समद्या भावकीच्या करंज्या मी कापते, डाव्या हातानंच कातण फिरवते, माझी करंजी कधी वाकडी गेली न्हाई. मी उजव्या हातानं फोटो दाबला आणि डाव्या हातानं चाक सरकवलं. कड सरळ. दुसरा घेतला, त्यो बी सरळ. दुकानदार म्हणला, मावशी, तुम्ही डावखुऱ्या का, मग दांड्याचा कसा जमणार, त्याचा दांडा उजव्या अंगाला, डावा हात आडवा घालून ओढणार तर फोटो सरकणारच.

गाडीत बसल्यावर मालक म्हणले, आगं, म्हणजे अडकित्ताच उजव्या हाताचा हुता, आणि मी आपलं तुलाच बोलत हुतो. मला रडूच आलं, आनंदाचं हो. एवढ्या वर्सांनी माझा हात सरळ झाला.

आता दुकान हाय तिथंच हाय, थोरला गाळा द्यायचं नाव काढत न्हाई. ह्या दिवाळीला मालक म्हणले, डॉक्टरनी हात हालवाय सांगितलाय, आण ते कातण इकडं. बसले करंज्या कापाय. एक बी सरळ न्हाई, सारण समदं बाहेर. मी म्हणले, राहू द्या तुमी, तुमचा हातच वाकडा. सूनबाई हसून हसून लोळली, आणि मालक बी.

देवानं समद्यांचे हात असेच चालते ठेवावेत, उजवे बी आणि डावे बी. बरं, एवढं ऐकून घेतलंत, तर तुमचा बी एक फोटो काढते. मान सरळ करा. कान न्हाई जायचा, भिऊ नका.