काचपेटीतले धावण्याचे बूट

जबाब देणाऱ्याचे नाव व पत्ता पहिल्या पानावर नोंदल्याप्रमाणे. वय ४९ वर्षे. धंदा पादत्राणे दुरुस्ती. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत.

मी आज सकाळी साडेदहा वाजता बोलावण्यावरून पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की, माझे दुकान मैदानाच्या मागच्या फाटकासमोर आहे. दुकानामागच्या दोन खोल्यांत मी, पत्नी व मुलगी असे राहतो. मुलगी १७ वर्षांची असून बारावीत शिकते व चारशे मीटर धावते. येत्या रविवारी तिची निवड चाचणी आहे.

माझ्याविरुद्ध बूट परत न केल्याची तक्रार देणारे गृहस्थ दीड वर्षापूर्वी मैदानावर आले व मुलीला धावणे शिकवू लागले. ते स्वतःला क्रीडातज्ज्ञ म्हणवतात. सगळे त्यांना सर म्हणतात. आपण राष्ट्रीय संघाबरोबर अकरा वर्षे परदेशात होतो, असे ते सांगतात. त्यांच्या खोलीत भिंतीवरच्या काचपेटीत धावण्याचे बूट आहेत. खाली पितळी पट्टीवर 'अंतिम शर्यत, १०० मीटर, सुवर्ण' असे कोरले आहे. वर्ष व गाव कोरलेले नाही. शर्यत कुठे झाली असे मी एकदा विचारले तेव्हा त्यांनी एक गाव सांगितले. चार महिन्यांनी माझ्या पत्नीने विचारले तेव्हा दुसरेच सांगितले. मी ते पत्नीला बोलून दाखवले. ती म्हणाली, "अहो, दहा गावं फिरलेला माणूस तो. तुम्ही या फाटकासमोरून हललात का कधी?" शिकवणाऱ्यावर शंका घेऊ नये असे आमच्या गुरुजींनी सांगितले होते व ते मी आजवर पाळले होते.

दोन महिन्यांपूर्वी मुलीच्या उजव्या नडगीत दुखू लागले. हाडांच्या डॉक्टरांनी दाबून पाहिले व एक्स-रे काढून आणा, सहा आठवडे धावणे बंद, असे सांगितले. सर म्हणाले की डॉक्टरला आजारी माणूस कळतो, खेळाडू कळत नाही. दुखणे हाडात नाही, मनात आहे. त्यांनी नडगीवर स्वतः निळी चिकटपट्टी गुंडाळली व चाचणी होईपर्यंत काढायची नाही असे तिला बजावले. एक्स-रे काढला नाही. मुलगी धावत राहिली. घरात ती भिंतीला धरून चालत असे. मी समोर आलो की भिंत सोडून देत असे.

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सर स्वतः काचपेटीतले बूट घेऊन दुकानात आले. येत्या शनिवारी त्यांचा सत्कार आहे, त्यासाठी उकललेला तळ चिकटवून पॉलिश करायचे होते. ते गेल्यावर मी आतला सुकतळा उचलला. त्यावर चवड्याचे व बोटांचे ठसे खोल होते, टाचेकडे जवळपास काही नव्हते. म्हणजे बूट खऱ्या धावणाऱ्याचे, याबद्दल मला शंका नाही. मात्र डाव्या बुटात सुकतळ्याखाली कातड्याचे तीन पातळ थर एकावर एक शिवलेले सापडले. टाके हाताचे, बारीक व सारखे होते. एक पाय आखूड असलेल्या गिऱ्हाइकासाठी आम्ही असे थर घालतो. सरांचे बूट व चपला मी दीड वर्ष दुरुस्त करतो आहे. त्यांच्या दोन्ही टाचा सारख्या झिजतात. पाय आखूड असेल तर त्या कधीच सारख्या झिजत नाहीत.

पाय आखूड असलेला कोणी माणूस हे बूट घालून धावला होता. मी बुटांना नमस्कार केला. हे लिहायची गरज नाही असे जबाब घेणारे हवालदार म्हणाले. पण मी केला आहे, म्हणून लिहायला सांगितले.

पाहण्यात आपलीही चूक होते, म्हणून त्याच दिवशी चार वाजता मी मैदानावर जाऊन सरांना त्या थरांबद्दल विचारले. चोरीचा किंवा खोटेपणाचा शब्द मी काढला नाही. ते म्हणाले, "काका, वळण डावीकडे असतं. डावा पाय उंच केला की वळणावर वेग टिकतो. शास्त्र आहे ते. तुम्ही टाच बघा, डोकं मी बघतो." शेजारी उभे असलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. परत येताना मनात आले की घाण्याचा बैलसुद्धा फिरताना आतल्या अंगाला कलतो, मग आतलीच बाजू उंच करून कसे चालेल. पण माझे शिक्षण सातवी, म्हणून तो विचार सोडून दिला.

संध्याकाळी जेवताना मी मुलीला विचारले, "शंभर मीटरच्या शर्यतीत वळणं किती असतात गं?"

ती हसली. म्हणाली, "बाबा, शंभर मीटर सरळ असतं. वळण नसतंच त्याला."

सर त्या बुटातल्या थरांबद्दल काय म्हणाले ते मी तिला जसेच्या तसे सांगितले. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावले. मग ताट सरकवून ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने चिकटपट्टी ओढून काढल्याचा आवाज आला. पत्नी उठून आत गेली व तिने मला हाक मारली. पट्टीखालची नडगी सुजलेली व काळीनिळी होती.

बुधवारी सकाळी एक्स-रे काढला. हाडाला अर्ध्याहून जास्त चीर गेली आहे. रविवारी ही धावली असती तर हाड मोडले असते, असे डॉक्टर म्हणाले. कोणाच्या सांगण्यावरून धावत होतीस, असे त्यांनी विचारले. मुलगी म्हणाली, "कोणाच्या नाही. माझी मीच." मी व पत्नी तिथेच उभे होतो.

गुरुवारी दुपारी सर बूट न्यायला आले. मी म्हणालो, "ज्याचे आहेत त्याचं नाव सांगा आणि घेऊन जा." ते मला चोर म्हणाले व इकडे तक्रार देण्यास आले. बूट मी आज कापडात बांधून जमा केले आहेत. तळ चिकटवला आहे. कातड्याचे थर होते तसेच आहेत.

मुलीच्या पायाबाबत तक्रार द्यायची आहे का, असे मला विचारण्यात आले. द्यायची आहे. त्यासाठी मुलीचा जबाब लागेल असे समजले. तो आज घेऊ नये ही विनंती. ती अजून त्यांना सर म्हणते.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे व ते खरे आहे, म्हणून खाली सही केली.