आता काय नाय

…नाही रे, उठवायची नाही मी तिला. झोपलीय. म्हणजे खरं सांगायचं तर पडलीय, दार लोटून घेऊन. तू बस. ती खुर्ची नको, तिचा पाय पुरात कुजला तो कुजलाच, ह्या स्टुलावर बस. आणि फाईल माझ्याकडे नको देऊस बाबा, मला काय कळतंय त्यातलं, मी आपली मराठीची बाई. सुनील ना तू? उमरठचा. कापडे गावच्या शाळेत होतास माझ्याकडे — ‘चारुशीलाबाई आल्या, चारुशीलाबाई आल्या’ म्हणून सगळा वर्ग गप्प करायचास आणि स्वतः बोलत राहायचास. आणि आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस. बरं, नको बोलूस. मी हे वाल सोलते. मोड आलेत, आज सोलायलाच हवेत, उद्यापर्यंत वास मारतील.

लेक रजेवर आलीय असं हे सगळ्यांना सांगतात. हे म्हणजे आमचे — श्रीधरराव — कोर्टात जन्म गेला, विचारलं तेवढंच बोलायचं हे अंगात मुरलंय. ‘वैदेही रजेवर आहे, चार दिवस विश्रांती.’ चार दिवस! आज एकोणीस झाले. हाक मारली की जेवायला येते, पुढ्यात येईल ते खाते, ताट घासते, परत आत. रडत नाही, चिडत नाही, मोबाइलसुद्धा बघत नाही. परवा मी आमटीत मीठ घालायला विसरले — तिने तशीच खाल्ली, यांनी खाल्ली, मीपण खाल्ली. कोणी काही म्हटलंच नाही. भांडी घासताना मला आठवलं की अरे, मीठ. असं चाललंय आमचं. आणि सोमवारी हजर झाली नाही तर जागा जाणार, पत्र आलंय तसं. आज शुक्रवार. मी विचारलेलं नाही. काय विचारू? कुठल्या तोंडाने?

तुला कोणी सांगितलं ती आलीय म्हणून? डेपोत? हां, महाडात काय लपतंय! पहिल्या आठवड्यात रोज दोघं-तिघं यायची फाईल घेऊन. मी सगळ्यांना दारातनंच परत पाठवलं. तुला आत घेतलं, का घेतलं ते माझं मलाच ठाऊक नाही. कापड्याच्या शाळेतला म्हणालास, म्हणून असेल.

केवढाय तुझा मुलगा? चार. ताप जात नाही, आणि अंगावर निळे डाग. इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ना मुंबईची? मग तिकडेच जा रे. तेच खरं. ती तरी काय वेगळं सांगणार — आणि मी तर काहीच सांगणार नाही. मी आता कुणाच्या आजाराबद्दल एक शब्द बोलणार नाही, ठरवलंय मी.

किती शिकायचं गं बाई, असं मी म्हणायचे तिला. आधी डॉक्टर झाली. मग लहान मुलांची डॉक्टर झाली, तेव्हा यांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. म्हटलं आता झालं, महाडात पाटी लावेल. तर म्हणे नाही, अजून तीन वर्षं, मुलांच्या रक्ताचे आजार आणि कॅन्सर, एवढंच शिकायचं. मी म्हटलं, अगं हसतीखेळती मुलं बघायची सोडून हे काय निवडलंस? तर म्हणाली, आई, मोठ्यांपेक्षा मुलं जास्त बरी होतात यातून, तुला माहीत नाही. दहातली आठ बरी होतात काही काही आजारांत. तेव्हा असं बोलायची. रोज फोन. आज अमक्याचे केस परत आले, आज तमकीने सुई टोचताना मलाच धीर दिला. मी भाजी चिरता चिरता ऐकायची.

दुसरं वर्ष लागलं आणि भूमी आली तिच्याकडे. कापड्याचीच. सहा वर्षांची, रक्ताचा कॅन्सर. तू ओळखत असशील — राजेशची मुलगी, जानकीबाईंची नात, देवळाच्या खालच्या अंगाला घर. वैदूला काय आनंद! आनंद म्हणजे — कळतंय ना मी काय म्हणतेय? आपल्याकडचं माणूस भेटलं म्हणून. मुंबईच्या त्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात कोण बिहारचं, कोण बंगालचं, आणि त्यात जानकीबाई लुगडं नेसून जिन्यात बसलेल्या. वॉर्डात कोणी काही सांगितलं की त्या मान डोलवायच्या आणि मग वैदूला बाजूला ओढून विचारायच्या, ‘काय म्हनला गो त्यो?’ मोठ्या मॅडमनीच सांगितलं, वैदेही, या कुटुंबाशी तूच बोलत जा, तुला त्यांची भाषा येते.

महिन्याभराच्या औषधांनंतर कमरेच्या हाडातून रक्त काढून तपासतात म्हणे. तपासलं. आजार दिसेना. आता हे नीट ऐक — दिसेना. दिसत नाही म्हणजे गेला असं नव्हे. हे तर पहिलं पाऊल. त्यापुढे कितीतरी महिने सुया, सलाईन, आणि मग दोन वर्षं गोळ्या. मधे सोडलं की उलटतो. इंग्रजीत त्याला एक शब्द आहे, रेमिशन. डॉक्टर लोक तो शब्द बोलतात आणि मोकळे होतात. आपल्यात त्याला शब्दच नाही रे. शोधला मी नंतर. कोशात बघितलं, पुस्तकी आहेत एक-दोन, ते जानकीबाईंना सांगून काय उपयोग?

तर वैदूने सांगितलं त्यांना. ‘आजी, भूमीच्या रक्तात आता काय नाय.’ पुढचंही सांगितलं हं सगळं — गोळ्या, तारखा, कागदावर लिहून दिलं. पण तू सांग मला, तू उमरठचा आहेस. कोणी विचारलं, पोराचा ताप कसा हाय? आणि तू म्हणालास, ‘आता काय नाय’ — तर काय झालं? पोर उठलं, जेवलं, गुरांमागे गेलं. विषय संपला! त्याच्यापुढे कोणी काही ऐकतं का? जानकीबाईंनी तेवढंच ऐकलं. पोरीला घेऊन घरी आल्या, गावदेवीला नारळ फोडला, ओटी भरली. भाताची लावणी आली होती, हात कमी होते, तारीख चुकली. तपासणीचीच तर तारीख आहे, पुढल्या वेळी जाऊ, असं म्हणाले घरात. राजेशचा नंबर बदलला होता. दवाखान्यातून फोन करकरून दमले ते. भूमी शाळेत जात होती तेव्हा. वर्गात पहिल्या बाकावर बसायची म्हणे.

ऑक्टोबरात परत नेली, दसरा झाल्यावर. नाकातून रक्त थांबेना म्हणून. मॅडमनी विचारलं, आजी, चार महिने कुठे होतात? तर जानकीबाई — भांडल्या नाहीत हं, आवाजसुद्धा चढवला नाही — वैदूकडे बोट करून म्हणाल्या, ‘ह्या बायनीच सांगितलान. आता काय नाय.’

पौषात गेली भूमी.

…नको, उठू नकोस. तुला घाबरवायला नाही सांगत मी. तुझ्या मुलाचं काय आहे ते मला माहीत नाही, कदाचित साधंच असेल काहीतरी. बस.

मूल गेलं की तिथे बैठक बसते, सगळे कागद काढून बघतात, कुठे काय चुकलं. कोणी ओरडत नाही. वैदूच्या अक्षरात लिहिलेलं होतं त्या कागदावर — नातेवाइकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले. खाली सही. ते मॅडमनी मोठ्याने वाचलं आणि पुढचं पान उलटलं, बस्. सगळे म्हणाले, तुझी चूक नाही, तारखा दिल्या होत्या, फोन केले होते. तिने एकच विचारलं मला, घरी आली त्या दिवशी, पायरीवर चप्पल काढता काढता. म्हणाली, आई, बेणणी म्हटलं असतं तर? शेतातलं तण एकदा काढून भागत नाही, परत परत बेणावं लागतं, वरून शेत स्वच्छ दिसलं तरी. हे कापड्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. असं का नाही सुचलं? एवढं बोलली आणि आत गेली. त्यानंतर हे एकोणीस दिवस.

‘असं का नाही सुचलं.’ कुणाला नाही सुचलं, ते नाही बोलली.

सुनील, तिला शब्द मी दिला होता.

हे यांनाही ठाऊक नाही. बैठकीतही ती बोलली नाही की हा शब्द आईने सांगितला होता. संध्याकाळी फोन आला होता तिचा, भूमीचा रिपोर्ट आला त्या दिवशी. उद्या आजीला सांगायचंय, आई, रेमिशनला आपल्याकडचं माणूस काय म्हणेल? ती म्हणत होती, ‘सध्या आजार दिसत नाही’ असं म्हणू का? मी हसले. हसले रे मी! म्हटलं, अगं सध्या काय, दिसत नाही काय, सरकारी पत्रक वाचतेयस का? तीस वर्षं त्या लोकांत काढलीत मी, मला विचार. सरळ सांग, आता काय नाय. मायेने सांग, हात धरून सांग. तिने दोनदा म्हणून बघितलं फोनवर. आता काय नाय, आता काय नाय. मी म्हटलं, हां, आता कशी आपली वाटलीस! आणि सगळी हयात मी तुम्हाला पट्ट्या मारल्या — ‘नाय’ नाही लिहायचं, ‘नाही’ लिहायचं. शहाण्याला शब्दाचा मार, असं फळ्यावर लिहून घ्यायची तुमच्याकडून. घे आता.

तिचं बरोबर होतं. सध्या दिसत नाही. तेच अचूक होतं, आणि मी ते खोडलं. वहीत खोडते तसं लाल शाईने खोडलं. आणि ती ऐकते ना माझं, पहिल्यापासून ऐकते.

मला रडू येत नाही. भूमीचं कळलं तेव्हाही नाही आलं. दात काढताना इंजेक्शन देतात बघ, गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आहे. मी सकाळी उठते, पाणी तापवते, हिच्या दारावर टकटक करते. एकदा तिच्यासमोर बसून म्हणावं की वैदू, ते माझं होतं, तू कशाला उचलून बसलीयस, जा तू, तिकडे मुलं वाट बघतायत, सोमवारी जा. एवढंच वाक्य आहे. एकोणीस दिवस जिभेवर आहे आणि ताट वाढून झालं की मी विचारते, भात घेशील का? भितेच मी तिला. ती ‘हो आई, तुझंच होतं’ म्हणाली तर मी काय करू? आणि ‘नाही आई, माझंच’ म्हणाली तरी काय करू? तुला कशी बोलले मी हे सगळं, देव जाणे. तू कुठे बोलू नकोस हं. कापड्याला तर मुळीच —

काय रे? कुणाकडे बघतोयस? माझ्या मागे काय —

वैदू.

कधीपासून उभी आहेस गं? …नाही, मी उठवणारच नव्हते तुला, हा सुनील, माझा विद्यार्थी, उमरठचा, त्याच्या मुलाला जरा… अगं अनवाणी कशाला, फरशी गार आहे. …बस. बस ना. दे रे तिला फाईल. दे. ती मागतेय, दे.

…हो, चारच वर्षांचा आहे म्हणतोय. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे बघ त्यात मागे. हा बिचारा घाबरलाय गं, तुझं ते डॉक्टरी बोलणं त्याला कळायचं नाही, थांब, मी त्याला आपल्या भाषेत नीट —

…काय?

…आत?

…हो. जाते मी आत.