आभाळ आलं की अपडेट

दिंडोरीच्या भाऊसाहेबांचं सांगितलं का तुम्हाला? त्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे, आणि तिथलं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. त्यातल्या लायब्रऱ्या, म्हणजे आयते घेतलेले कोडचे भाग, इतक्या जुन्या, की एखाद्या हॅकरनं आत शिरून सगळ्या ऑर्डरी पुसल्या असत्या तर हंगाम गेला असता. अपडेट करू म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "चालू हाय ना? मग हात लावू नको."

तीन वर्षं हेच ऐकून कंटाळलो आणि विचारलं, "भाऊसाहेब, डावणी रोग दिसल्यावर फवारणी करता का?"

"येडा हाय का? तवर बाग जाईल. आभाळ आलं की आधीच मारायचं."

"मग हेही तसंच आहे."

ते म्हणाले, "असं आधी सांगायचं ना."

सगळं अपडेट केलं. दोन दिवस लेबलं छापली जाईनात, तरी ते चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलो.

आता नाशकात जरा ढग आले की त्यांचा फोन येतो. "आभाळ आलंय. अपडेट मारलं का?"

सुरुवातीला समजावायचो. आता खिडकीतून वर बघतो आणि म्हणतो, "मारलं."

काल जोराचा पाऊस झाला. फोन आलाच.

"धुऊन गेलं असंल रे. परत मार."