पाहुण्यांची पोर्ट

वायनरीतल्या नोकरीचं विचारलंत म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात मी बारामतीजवळच्या एका वायनरीत केमिस्ट होतो. आमचं घर दीक्षा घेतलेलं, दारू वर्ज्य. वाइन चाखेन पण गिळणार नाही, असा शब्द आईला दिल्यावरच तिनं नोकरी करू दिली.

एकदा पोर्तुगालहून एक म्हातारे तज्ज्ञ आले. त्यांनी वडिलांच्या हातची, कित्येक वर्षं मुरलेली पोर्ट, म्हणजे तिकडची गोड, कडक वाइन, आणली होती. गाळ खाली बसू दिला, मग हळूच ग्लासात ओतली. मी घोट तोंडात घोळवला. सुकं अंजीर, अक्रोड, शेवटी काकवीचा गोडवा. मग नेहमीसारखा बादलीत थुंकलो. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला.

म्हाताऱ्यांनी शांतपणे विचारलं, "कशी आहे?"

"अजून वीस वर्षं ठेवली तरी बिघडणार नाही."

त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी इंदापूरला घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं, शब्द पाळल्याचं तर अभिमानानं. ती भाकरी थापत होती.

"त्येंचं वडील हायत का?"

"न्हाईत."

तिचा हात थांबला. "मेल्याल्या बापाच्या हातचं घिऊन आला त्यो, आन् तू त्येच्याम्होरं थुकलास?"

"मग गिळायची व्हती का, आई?"

"गिळायची न्हाय. भाईर जाऊन थुकायचं."